आधी कोणाचे पाय

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. त्या दोन वर्षं आधीच गेल्या होत्या. मैत्रिणी म्हणाल्या, सुटलीस. कसली सुटतेय! सासूबाईंच्या जागी इथे डिव्हिजन होती. अंथरूण कसं गुंडाळायचं, दाराशी बूट कोणत्या दिशेला तोंड करून ठेवायचे, पाण्याची बाटली रिकामी दिसली तर कोणी भरायची, सगळ्याला डिव्हिजनचा दाखला. सासऱ्यांनी "आमच्या डिव्हिजनमध्ये" एवढं म्हटलं की मी निवडायची भाजी घेऊन बसायची. पुढचा अर्धा तास गेलाच म्हणून समजायचं.

माझे सासरे युद्धात पायदळाच्या डिव्हिजनमध्ये साधे शिपाई होते आणि युद्धानंतर जन्मभर पोस्टमन. म्हणजे आधीही चालले आणि नंतरही चालले. गल्लीतली माणसं त्यांना तोंडावर 'लेफ्टराइट' म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. शर्टाचं वरचं बटण लावल्याशिवाय ते खिडकीतसुद्धा उभे राहत नाहीत.

सुरुवातीला मला त्या डिव्हिजनचा वीट आला होता, खोटं कशाला बोलू? पण ऐकता ऐकता कधी ती माझी झाली ते कळलंच नाही. आता कोणी तिला नावं ठेवली तर मी पदर खोचून भांडेन.

ती काही जन्मजात शूरांची फौज नव्हती. युद्ध दाराशी आलं तेव्हा घाईघाईने गोळा केलेली माणसं होती ती. न्हावी, सुतार, कारकून, मास्तर, गवंडी. बूट मिळाले ते पातळ तळाचे, आणि मापाचं तर विचारूच नका. पहिल्याच लढाईत शत्रूने त्यांना रेटत रेटत नदीपर्यंत आणलं. मागे पुलावर दुसऱ्या डिव्हिजनच्या तोफा आणि गाड्या अडकलेल्या, त्यांच्यात बोचकी आणि पोरंबाळं घेऊन निघालेली गावंच्या गावं. ही कालपर्यंत भिंती बांधणारी, दाढ्या करणारी माणसं अलीकडच्या काठावर चिखलात आडवी झाली आणि शेवटची हातगाडी पलीकडे जाईपर्यंत जागची हलली नाहीत. पुस्तकात त्याला 'माघार' म्हणतात. सासरे भडकतात. म्हणतात, "माघार कसली? आम्ही दार धरून उभे होतो." ते ऐकताना माझ्या अंगावर अजूनही काटा येतो.

त्यानंतरचे महिने दलदलीत गेले. तिथे गोळीने गेली नाहीत एवढी माणसं पायांनी गेली. मोजे दिवसच्या दिवस ओले. कातडी आधी पांढरी पडायची, मग सोलायची, मग बोटं काळी. चांगला पहिलवान गडी स्ट्रेचरवरून मागे जायचा, तोही शरमेने तोंड झाकून. जखम कुठे झाली असं घरच्यांनी विचारलं तर सांगणार काय?

तेव्हा डिव्हिजनवर नवे मोठे साहेब आले. त्यांनी तोफा मागितल्या नाहीत की माणसं मागितली नाहीत. त्यांनी एक हुकूम काढला. प्रत्येक माणसाला एक जोडी. संध्याकाळ झाली की, लढाई चालू असो नाहीतर नसो, जोडीदाराचे बूट तुम्ही काढायचे, पाय पुसायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, चोळायचे, आणि दिवसभर आपल्या पोटाशी धरून गरम ठेवलेले कोरडे मोजे त्याला चढवायचे. मग तो तुमचे करणार. स्वतःचे पाय स्वतः बघायला सक्त मनाई. साहेब म्हणाले, माणूस आपल्या पायांबद्दल स्वतःलाच फसवतो. ठीक आहे, उद्या बघू, असं म्हणतो. दुसऱ्याच्या हातात पाय दिला की फसवाफसवी चालत नाही.

पहिल्या संध्याकाळी कोणी हलेना. कोण कोणाचे पाय धरणार? त्यात एकाचा हुद्दा मोठा, दुसऱ्याचं घराणं मोठं. शेवटी साहेब सगळ्यांच्या देखत काडतुसांच्या पेटीवर बसले, आपल्या ड्रायव्हरचे बूट ओढून काढले आणि त्याचे पाय मांडीवर घेतले. ड्रायव्हर बिचारा रडकुंडीला आला. साहेब म्हणाले, "हुद्दा बुटापर्यंत. बूट काढला की फक्त पाय." ते झाल्यावर त्यांनी आपले पाय ड्रायव्हरपुढे केले. त्यांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं आणि ते सगळ्या डिव्हिजनने पाहिलं.

त्या दिवसापासून ही रीत पडली ती पडलीच. काम झालं की जोडीदार तळव्यावर थाप मारायचा आणि म्हणायचा, "चल." दुसऱ्या डिव्हिजनची माणसं हसायची. "पाय चेपणारी डिव्हिजन आली रे," असं ओरडायची. हिवाळा आला तसं त्यांचं हसणं थांबलं. त्यांची निम्मी माणसं इस्पितळात पाय वर करून पडली होती आणि आपल्या पायांवर उभी होती ती हीच एक.

शत्रूची सगळी रसद डोंगरातल्या एका खिंडीतून यायची. असल्या बर्फातून पायी कोण येतंय म्हणून त्याने तिथे नावापुरता पहारा ठेवला होता. डिव्हिजन एका रात्रीत डोंगर चढून गेली. सकाळी शत्रूची गाडी वळणावर आली तर समोर खिंडीत ही मंडळी बसलेली. मग कितीही हल्ले झाले तरी ती उठली नाहीत. खाली शत्रूची अख्खी फौज उपाशी पडली आणि तिथून युद्ध फिरलं. न्हावी, सुतार आणि कारकुनांनी ते फिरवलं. मला याचा इतका अभिमान आहे, जणू मीच तिथे बंदूक घेऊन बसले होते.

हे सगळं मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतून उठवलं तरी सांगेन. म्हणूनच एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सासऱ्यांची जोडी म्हणजे एक गवंडी होता. त्याला सगळे गवंडीच म्हणायचे. नदीवर गवंडी, दलदलीत गवंडी, गवंड्याचं घोरणं, गवंड्याचे फावड्यासारखे पाय. पण गोष्ट खिंडीच्या आदल्या संध्याकाळपाशी आली की सासरे म्हणायचे, "मग हुकूम आला, ताबडतोब निघा," आणि तिथेच चहा मागायचे. चहा संपला की एकदम खिंडीत. मधलं चालणं गायब, आणि खिंडीत गवंडीही नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "गेला तो." आणि वाचून झालेला पेपर पुन्हा वाचायला घेतला.

आता पायांचं सांगते. मी औषधांच्या दुकानात काउंटरला उभी असते. साखरेची माणसं रोज बघते. सासऱ्यांनाही साखर आहे. एवढ्या वर्षांत मी त्यांचा उघडा पाय पाहिला नव्हता. घरात बारा महिने मोजे. संध्याकाळी ते पाय धुवायचे तेही दार लावून. म्हातारपणाची एक तऱ्हा म्हणून आम्ही सोडून दिलं होतं. मग एका सकाळी धुवायच्या कपड्यांत त्यांचा डावा मोजा हाताला लागला. अंगठ्याच्या जागी पिवळट, कडक डाग होता. मी तो नाकाशी नेला. तो सडणाऱ्या जखमेचा वास मला दुकानामुळे चांगला माहीत होता.

"बाबा, पाय दाखवा."

"कशाला?"

"मोज्याला डाग आहे."

"चहा सांडला असेल."

"चहा तुम्ही पायाने पिता का?"

त्यांनी खुर्चीखाली पाय ओढून घेतले.

आमचे हे विजेचे मीटर तपासतात. दिवसभर लोकांच्या घरात बेधडक शिरतात आणि वडिलांच्या खोलीत शिरायचं तर दारातून खोकतात. मी त्यांना पुढे घातलं. त्यांनी आधी विनवणी केली, मग सासरे दुपारी झोपलेले असताना हळूच मोजा ओढायला गेले. छातीवर अशी लाथ बसली की हे कपाटावर जाऊन आदळले. सासरे डोळे न उघडताच म्हणाले, "पहारा आहे इथे." एरवी मी पोट धरून हसले असते.

डॉक्टरीणबाईंना घरी बोलावलं. त्यांना सासऱ्यांनी जीभ दाखवली, छाती दाखवली, दंड पुढे केला, पाय दिला नाही. बाई बाहेर येऊन आम्हाला स्पष्टच म्हणाल्या, "वासावरून सांगते, उशीर करू नका. आज बोटावर भागेल. हाडातून वर चढलं तर गुडघ्याखाली कापावा लागेल. अंगात भिनलं तर मग पायाचं काय घेऊन बसलात! पण ते शुद्धीत आहेत आणि नाही म्हणताहेत. मी जबरदस्ती करू शकत नाही."

माझं डोकं फिरलं. हा माणूस बर्फाच्या डोंगरातून सगळा पाय घेऊन परत आला, आणि आता घरातल्या खुर्चीत बसून तो घालवणार? मी तडक त्यांच्या खोलीत गेले.

"स्वतःचे पाय स्वतः बघायचे नाहीत, हा तुमच्याच साहेबांचा हुकूम ना? मग?"

"ते जोडी असली तर."

"मग मी बघते."

"तू जोडी नाहीस," ते म्हणाले. "सून आहेस."

हे मला फार लागलं. एवढी वर्षं यांचं सगळं केलं, यांच्या डिव्हिजनसाठी शेजारणीशी बोलणं टाकलं, आणि शेवटी काय, तर मी परकीच. स्वयंपाकघरात जाऊन मी भांडी जरा जास्तच जोरात घासली. ह्यांना म्हटलं, "तुमचे बाबा, तुम्ही बघा." पण झोप कुठली लागतेय! डोळ्यांपुढे तो मोजा होता.

दोन दिवसांनी दुकानासमोर पाण्याचा मोठा पाइप फुटला. रस्त्यात पोटरीभर पाणी झालं आणि बस बंद झाल्या. मी त्या पाण्यातून चालत घरी आले. हे कामावर होते. मी दाराशी स्टुलावर बसले तर उठवेना. बुटांत पाणी चुबुकचुबुक वाजत होतं. समोर सासरे खुर्चीत, पंचा खांद्यावर.

"मोजे काढ आधी," ते म्हणाले.

"काढते हो. जरा दम तर खाऊ दे. ठीक आहेत माझे पाय."

"सगळे असंच म्हणतात."

मी मान वर केली. ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या बुटांकडे बघत होते. खुर्चीतून अर्धवट उठले आणि परत बसले. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि बोटं उघडत होती, मिटत होती. एखाद्या कामाची सवय असलेले हात रिकामे राहिले की करतात तसं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आम्ही सगळे, मी, हे, डॉक्टरीणबाई, एकामागून एक त्यांचे पाय मागायला आलो होतो. आपले पाय घेऊन कोणीच आलं नव्हतं. जोडी एका बाजूने होत नाही, हे मी शंभरदा ऐकलं होतं आणि एकदाही ऐकलं नव्हतं.

"बाबा," मी विचारलं, "त्या खिंडीच्या आधीच्या संध्याकाळी आधी कोणाचे पाय झाले?"

मला वाटलं, आता चहा मागतील. त्यांनी चहा मागितला नाही.

"माझे," ते म्हणाले. "नंबर त्याचा होता. आदल्या दिवशी आधी माझे झाले होते. पण मी दिवसभर पहाऱ्यावर होतो. गवंडी म्हणाला, तू गारठलायस, तू आधी. त्याने पुसले, चोळले, मोजे चढवले. थाप मारली. मग मी त्याचा बूट धरला. नाडी सोडली, आणि हुकूम आला. ताबडतोब निघा."

"मग?"

"मग तो हसला. म्हणाला, बांध परत नाडी. उद्या डबल चोळून दे. मी बांधली. या हातांनी बांधली."

त्यांनी हात पुढे केले.

"रात्रभर तो माझ्या पुढे चालला. ओल्या मोज्यांनी. माझे पाय कोरडे ठणठणीत. एका शब्दाने बोलला नाही तो. खिंडीत पोचला, उभा राहिला, लढला. सगळं झाल्यावर बसला तो उठलाच नाही. बूट कापून काढावे लागले. खाली नेताना वाटेतच गेला." त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. "त्याचे पाय माझ्याकडून राहिले, सूनबाई. मग मी कोणापुढे पाय करू? कोणत्या तोंडाने?"

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. एवढी वर्षं हा माणूस डिव्हिजनच्या गोष्टी सांगत होता, आणि एवढी वर्षं ती बांधलेली नाडी याच्या हातात होती.

मी बूट काढले. ओले मोजे काढले. स्टूल ओढत त्यांच्या खुर्चीपर्यंत नेलं. सासऱ्याच्या मांडीवर सुनेने पाय ठेवायचे? माझ्या आईने पाहिलं असतं तर तिथेच घेरी येऊन पडली असती. मी स्वतः लाजेने अर्धी झाले होते. भेगाळलेल्या टाचा, सुजलेले घोटे, दिवसभर काउंटरला उभं राहून टरारलेल्या शिरा, वर गटाराच्या पाण्याचा वास. तरी मी दोन्ही पाय उचलले आणि त्यांच्या मांडीवर ठेवले.

"अगं! अगं, हे काय!" ते मागे सरकले.

"हुद्दा बुटापर्यंत," मी म्हटलं. "मी बूट काढलेत."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग खांद्यावरचा पंचा हातात आला. तो कसा आला ते बहुतेक त्यांनाही कळलं नाही. त्यांनी माझा पाय धरला आणि मघाशी नुसतीच उघडत-मिटत असलेली बोटं कामाला लागली. आधी तळवा, मग टाच, मग एकेका बोटाची बेचकी, पंच्याचं टोक पिळून पिळून. घाई नाही, संकोच नाही. इतकं नीट कोणी माझं काही केल्याचं मला आठवत नाही.

"ही टाच आहे की कौल?" ते म्हणाले.

"रोज उभी असते म्हटलं. बसून औषधं विकता येत नाहीत."

"मलम नाही तुमच्या दुकानात?"

"आहे. लोकांसाठी."

ते हसले आणि हसता हसता रडायला लागले. रडले, पण हात थांबवले नाहीत. आपल्या कपाटातून लोकरीचे मोजे आणले, ते स्वेटर वर करून पोटाशी धरून बसले, आणि गरम झाल्यावर माझ्या पायांत चढवले. मग तळव्यावर थाप मारली.

"चल."

"आता तुमचे," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले आणि डावा पाय माझ्याकडे केला.

दुकानात मी खूप काही बघितलंय. तरी तो मोजा उतरवल्यावर काळा पडलेला अंगठा बघून मला रडू आवरेना. पण जोडीदाराने रडत बसून कसं चालेल? मी आजूबाजूचं हलक्या हाताने पुसलं, कोरडं केलं, स्वच्छ फडकं गुंडाळलं.

"कसा आहे?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं. "सून म्हणून सांगू नकोस."

"अंगठा गेलाय, बाबा. वरचा पाय अजून चांगला दिसतोय. आत्ताच्या आत्ता जायला हवं."

त्यांनी मान हलवली. "मग थाप मार."

मी टाचेवर हळूच थाप मारली आणि म्हटलं, "चला." एवढे दिवस कोणाच्या बापाला न जुमानणारा माणूस शर्टाचं वरचं बटण लावून रिक्षाची वाट बघत दारात उभा राहिला.

अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. पाय राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडक्यात वाचला. हे माझ्याकडे बघून विचारत होते, "तू असं काय सांगितलंस त्यांना?" मी म्हटलं, मी काही सांगितलं नाही, फक्त विचारलं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुकान सुटल्यावर मी इस्पितळात गेले. सासरे उशीला टेकून बसले होते, पाय बँडेजमध्ये, चेहरा उतरलेला. मला पाहिल्यावर तब्येतीचं काही बोलले नाहीत. पलंगाच्या कडेवर हात आपटून म्हणाले, "काढ बूट." मी स्टूल ओढलं आणि पाय वर ठेवले. त्यांनी पंचा घेतला. तेवढ्यात नर्स गोळ्या घेऊन आली ती दारातच थबकली.

"अहो बाई! काल ऑपरेशन झालेल्या पेशंटकडून पाय पुसून घेता? लाज वाटत नाही? सासरे ना हे तुमचे?"

मी ओशाळून पाय मागे घ्यायला लागले. सासऱ्यांनी घोटा घट्ट धरून ठेवला.

"सासरा बुटापर्यंत," ते नर्सला म्हणाले. "ही जोडी आहे माझी. थोडं थांबा, आधी तिचे पाय होऊ द्या."